राघोच्या तंबूत कोण कोण येऊन गेलं

ऊसतोड चालू असली की घरामागं पाचट साचत राहतं. सकाळी झाडून टाकावं, दुपारी बघावं तर पुन्हा ढीग! आमच्या तंबूतल्या गोष्टींचं तसंच झालंय. तीन वर्षं मी त्या तंबूचा पडदा ओढला. काम काय, तर दोरी धरून उभं राहायचं आणि बघायचं. बघितलेलं साचत गेलं. कुणी घरी आलं, चहा झाला, की म्हणतात, "दाजी, राघोच्या तंबूतलं एखादं सांगा की." मी एक सांगायला बसतो आणि त्याच्या मागून दुसरं येतं. मला भरभर सांगता येत नाही. बसा निवांत.

*

आधी तंबूचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आम्ही रिव्हिएर दू रांपार गावची माणसं. भाजी लावायची, बसनं बाजाराला न्यायची, आणि गणपतीत झाकरी म्हणायची. झाकरी म्हणजे ढोलकी-झांजांवर गोल धरून नाचत म्हणायची गाणी, आज्या-पणज्यांनी या बेटावर ऊस तोडायला येताना जहाजातून बरोबर आणलेली. बाबाजी ढोलकी वाजवायचा, मी झांज धरायचो आणि मधेमधे राघो नकला करायचा. गावातलं कुणी त्याच्या तावडीतून सुटलं नव्हतं.

साठ सालचं मोठं सिक्लोन, म्हणजे चक्रीवादळ, आलं तेव्हा राघो गाय सोडायला गोठ्यात गेला होता. मागं घराची भिंत पडली. तिच्याखाली शांती गेली. त्याची एकुलती एक पोर. नऊ वर्षांची.

तेव्हापासून सखूवहिनी, म्हणजे राघोची बायको, कामापुरतंच बोलायची. "पाणी तापलंय." "दार लावा." एवढंच. हसणं तर संपलंच.

पुढच्या वर्षी गावात फॅन्सी फेअर आली. लाकडी घोड्यांचं चक्र, बॉल मारून डबे पाडायचा खेळ, लिमोनाड, अशी ती जत्रा रविवारी रविवारी गावोगाव फिरायची. मालक एक जाडा क्रेओल म्हातारा होता. त्याला सगळे तोंतों, म्हणजे काका म्हणत. त्याच्याकडं एक तंबू रिकामा होता. आम्ही त्याला झाकरी म्हणून दाखवली. त्यानं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाला, "हे देवाला ऐकवा. माणसांना हसवा!"

राघो म्हणाला, "हसवतो."

त्यानं काढलेला खेळ नवाच होता. बघणाऱ्यानं नुसतं बसायचं नाही. उठून मंचावर यायचं, कुणाची नक्कल पाहिजे ते सांगायचं, आणि त्या माणसाच्या तीन खुणा द्यायच्या. राघो तो माणूस होऊन पडद्यामागून बाहेर यायचा. मग आलेल्यानं त्याच्याशी बोलायचं. मराठीत, क्रेओल या इथल्या बोलीत, भोजपुरीत, ज्याला जे येईल त्यात. पोट भरून!

पहिल्या दिवशी मी विचारलं, "राघो, हे किती दिवस चालवायचं?"

तो मागच्या बाकाकडं बघत म्हणाला, "ती एकदा हसली की तंबू बंद."

मागच्या बाकावर सखूवहिनी सुपात तांदूळ निवडत बसली होती. हसायच्या खेळाला सूप घेऊन आलेली ती एकटीच!

*

लालमती गावी एक ऊसतोड्या मंचावर आला. छाती पुढं काढून म्हणाला, "माझा सिर्दार करा. आज त्याला सगळं तोंडावर सांगणार!" सिर्दार म्हणजे उसातला मुकादम. खुणा दिल्या: बोलायच्या आधी दोनदा खोकतो, छत्री काखेत धरतो, आणि माणसाकडं न बघता त्याच्या कोयत्याकडं बघतो.

राघोनं माझी छत्री घेतली. बाहेर आला, दोनदा खोकला, आणि त्या गड्याच्या रिकाम्या हाताकडं बघत राहिला.

गड्यानं टोपी काढली! "बोंझूर, सिर्दार. उद्या लवकर येतो."

केवढा हशा! खालून त्याची बायको ओरडली, "अहो, खोट्याला पण भ्यालात!"

आणि तिसऱ्या बाकावर खरा सिर्दार बसलेला! तो उठून उभा राहिला तसे सगळे गप्प. काहीतरी बोलणार होता, पण आधी दोनदा खोकला. झालं, पुन्हा हशा!

खेळ संपल्यावर तो मागं माझ्याकडं आला. मला वाटलं, आता भांडण. तो म्हणाला, "दाजी, खेळात पण टोपी काढतो तो?"

मी म्हटलं, "सवय असंल."

"माझा बाप पण अशीच काढायचा," तो म्हणाला. "दुसऱ्या सिर्दारापुढं." आणि बराच वेळ लाकडी घोड्यांकडं बघत उभा राहिला.

त्या दिवशी बाबाजी वहिनीला म्हणाला, "वहिनी, हसला न्हाईत?" ती म्हणाली, "ती छत्री परत द्या. दाजी भावजींची हाय."

*

एक नवी सून आली. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "सासू." एवढं म्हणायलाच तिला किती वेळ लागला!

राघोनं सासू अशी केली, की बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. "भात मऊ झाला! माझ्या आईनं असा भात बघितला असता तर जहाजातनं परत गेली असती!"

सून हळूच म्हणाली, "जाऊ द्यायचं होतं की!"

तंबू डोक्यावर घेतला लोकांनी. तेवढ्यात गर्दीतून खरी सासू वर आली. पोरीनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला. म्हातारी राघोला म्हणाली, "झालं तुझं? आता सून कर."

"खुणा सांगा, मावशी."

"पहाटे माझ्याआधी उठती. माझं पाय चेपती. तिसरी खूण, कधी उलट बोलत न्हाय."

"आता बोलली की!" कुणीतरी ओरडलं.

म्हातारी म्हणाली, "तेच म्हणत्ये. मला वाटलं होतं, मुकी दिली का काय आमच्यात!" आणि सुनेचा हात धरून तिला खाली घेऊन गेली.

मी बघितलं, मागच्या बाकावर वहिनीचे हात तांदळात थांबले होते. राघोनंही बघितलं. पण थांबले तेवढेच.

*

प्लेन मान्येन गावाला विमानतळ जवळ. वरून विमान गेलं की राघोचा आवाज बुडायचा. लोक मान वर करायचे आणि मग पुन्हा राघोकडं बघायचे.

तिथं एक बाई आली. तिचा मुलगा इंग्लंडला नर्सिंगला गेला होता. तिनं खुणा दिल्या. राघो आला आणि म्हणाला, "माय, जेवलीस का?"

बाई म्हणाली, "न्हाय. हा तेव्हाचा. मला आत्ताचा पाहिजे."

तिनं कमरेच्या पुरचुंडीतून फोटो काढला. मुलगा कोट घालून बर्फात उभा होता. राघोनं तोंतोंचा कोट मागून घेतला. त्यात दोन राघो मावले असते. बाहेर आला तो मान ताठ करून.

"माय, जेवलीस का?"

"न्हाय रं. तो आता इंग्लिशमध्येच बोलत असंल. तसं बोल."

राघोला इंग्लिश कुठलं! त्याला जे चार शब्द ठाऊक होते ते त्यानं उलटसुलट लावले. "यस, यस. गुडमॉर्निंग मदर. सिक्स पेन्स. थँक्यू. नो स्मोकिंग."

लोक हसून लोळायला लागले. बाई मात्र अगदी लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, "हां! एक अक्षर कळलं न्हाय. आता बरोबर आला माझा पोरगा!"

*

बाबाजी मला नेहमी म्हणायचा, "दाजी, तुम्ही का कुणाला मागत न्हाई? आई मागा की!"

आई गेली तेव्हा मी पाळण्यात होतो. तीन खुणा आणू कुठून?

*

एक गाडीवान आला. त्याचा बैल सिक्लोनमध्ये गेला होता. म्हणाला, "बैल चालंल का?"

राघो म्हणाला, "खुणा असल्या की सगळं चालतं."

चढ आला की थांबून मागं बघतो, डावा कान फाटका, आणि मिठाचा खडा दिल्याशिवाय जू घेत नाही. राघो चार पायांवर आला. डावा कान हातानं दुमडलेला. मंचाच्या मधोमध थांबला आणि मागं वळून बघितलं.

गाडीवानानं खिशातून मिठाचा खडा काढला! बैल जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि खडा अजून त्याच्या खिशात!

राघोनं तो खाल्ला. पुढचे तीन प्रयोग घसा धरून नुसता पाणी पीत होता. बाबाजी म्हणाला, "राघो, माणसांपरीस तुला बैल बरा जमतो." राघोनं मान हलवली. तीही बैलासारखीच!

*

आता पितरपंधरवड्याचं सांगतो. पुन्हा लालमतीलाच.

सत्तरीची एक म्हातारी केळीच्या पानात भात, वडे, खीर घेऊन तंबूत शिरली. आम्हाला वाटलं, देऊळ समजून आली. ती थेट मंचावर चढली.

"माझं म्हातारं कर. दमानं बोलायचं, डाव्या हातानं मिशी पुसायचं, आणि जेवताना कुणाकडं बघायचं न्हाय."

राघो म्हातारा होऊन आला. तिनं पान त्याच्यापुढं ठेवलं. "जेवा."

लोक हसले. राघो हळूच म्हणाला, "आजी, हे पितरांचं पान हाय. हे कावळ्याला घालायचं."

म्हातारी चिडली. "कावळा कुठाय हितं? हायेत ते सगळे पोर्ट लुईला, बंदरावर! आणि आमचं म्हातारं उभ्या जन्मात पोर्ट लुईला गेलं न्हाय. ते काय आता बस धरून जाईल? आठ वर्षं पान ठेवत्ये, मैना येत्यात आणि खाऊन जात्यात. मैनेचं काय चालत न्हाय. तू त्याच्यासारखा हायस, तू खा!"

जिवंत माणसानं ते पान खाऊ नये, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक. बाबाजीनं ढोलकी बाजूला ठेवली. मी पडदा ओढायच्या तयारीत होतो. राघो माझ्याकडं बघून 'नको' म्हणाला, नुसत्या डोळ्यांनी. मग खाली बसला आणि कुणाकडं न बघता, डाव्या हातानं मिशी पुसत पुसत, सगळं पान संपवलं.

म्हातारीनं पदरानं पान पुसून घडी केली. "खिरीला गूळ कमी झाला का?"

राघो दमानं म्हणाला, "गोड हाय."

"न्हाय," म्हातारी म्हणाली. "त्यानं 'कमीच हाय' म्हटलं असतं. पण असू दे. भुकेलेला होता." आणि उतरून गेली.

त्या दिवशी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकेक उठून, चपला हातात घेऊन गेले. देवळातून जातात तसे.

*

त्यानंतर गंमत अशी झाली, की लोक हसायला कमी आणि भेटायला जास्त यायला लागले. सिक्लोनमध्ये कुणाचं कोण गेलं होतं, कुणाचं जहाजातनं दूर गेलं होतं. तोंतों कपाळाला हात लावायचा. "मी विनोदाचा तंबू म्हणून पाटी लावलीय, आणि बाहेर येणाऱ्याला लिमोनाडच्या आधी रुमाल लागतो!" पण तंबू त्यानं बंद केला नाही.

राघोचं मात्र वेगळंच होत चाललं. एकदा बसनं परतताना कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचं?" राघो दोनदा खोकला आणि कंडक्टरच्या हाताकडं बघत राहिला. बाबाजी माझ्या कानात म्हणाला, "दाजी, माझ्या शेजारी कोण बसलंय हे मला उतरेपर्यंत कळत न्हाय!" आम्ही दोघं हसलो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडं वांग्याची रोपं मागायला गेलो. राघो मळ्यात होता. वहिनी दारात उभी होती. इतक्या दिवसांत ती माझ्याशी आपणहून कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"भावजी, काल आमच्याकडं जेवायला कोण आलं होतं?"

मी रोपं घेऊन आलो.

*

शेवटचं सांगतो.

फेअर आमच्याच गावात लागली होती, देवळामागच्या मैदानात. रविवार होता, दुपारचे तीन वाजले असतील. ऊन कापडातून पिवळं होऊन आत येत होतं. तंबू भरलेला. राघोनं नेहमीसारखं विचारलं, "कुणाचं माणूस आणू?"

मागच्या बाकावरनं सखूवहिनी उठली. गावातली माणसं बाजूला सरली. ती मधल्या वाटेनं चालत आली आणि मंचावर चढली.

राघो तिच्याकडं बघतच राहिला. मग खेळातलंच बोलणं त्याच्या तोंडून निघालं. "कोण पाहिजे, बाई?"

"एक गडी हाय."

"नाव?"

"नाव मी घेत न्हाय."

बायका हसल्या. बाई नाव घेत नाही तो गडी कोण, एवढं आमच्यात सगळ्यांना कळतं. एक म्हातारी ओरडली, "उखाण्यात घे की गं!"

"खुणा सांगत्ये," वहिनी म्हणाली. "एक. घरी आला की डोक्यावरची पाटी उतरायच्या आधी हाक मारतो."

राघोचा हात नकळत डोक्याकडं गेला.

"दोन. आम्ही दोघी लपून बसतो. कुठं लपलोय ते त्याला दिसत असतंय. तरी घरभर हुडकतो."

तिसरी खूण राघो विचारेना, म्हणून बाबाजीनं विचारली. "आणि तीन, वहिनी?"

"सिक्लोनमध्ये गाय सोडायला गेला, तो अजून घरी आला न्हाय."

पुढच्या बाकावर परगावचा एक पाहुणा होता. त्याला काय ठाऊक! तो हळहळला, "आयो! बिचारीचा नवरा पण गेला!"

राघो म्हणाला, "सखू, हा माणूस मला येत न्हाय."

तीन वर्षांत असं त्यानं कुणाला म्हटलं नव्हतं.

"मग सरा," वहिनी म्हणाली. "मला येतो."

सोंगाच्या सामानात एक पाटी होती. ती तिनं डोक्यावर घेतली. मंचाच्या कडेला गेली आणि तिथून चालत आली. राघोचा उजवा पाय जरा बाहेर पडतो. तसाच पडत होता! आणि हाक मारली ती राघोच्या आवाजात.

"अगं ए! दोघी कुठं हायसा गं?"

गावातली माणसं आधी दचकली आणि मग एकदम हसली. इतका हुबेहूब आवाज! राघो दोन पावलं मागं सरकला. आणखी दोन. आणि पडद्यामागं, माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. अंग चोरून, लपल्यासारखा.

वहिनी हुडकायला लागली. बाकाखाली वाकून बघितलं. "हितं न्हाय." बाबाजीच्या ढोलकीला कान लावला, वर टिचकी मारली. "हितं पण न्हाय." लोक हसून हसून एकमेकांवर पडत होते. तोंतों दारात उभा राहून बघत होता. ती त्याच्यापर्यंत गेली, त्याच्या कोटाचं टोक वर करून आत बघितलं आणि म्हणाली, "हितं तर उंदीर पण मावायचा न्हाय!" तोंतोंला मराठी कळत नव्हतं. चोरी पकडल्यासारखे त्यानं दोन्ही हात वर केले. त्याचं ते तोंड बघून सखूवहिनीला हसू फुटलं. मोठ्यानं, पाटी डोक्यावर डुगडुगेपर्यंत.

राघो पडद्याआड होता. त्याला दिसलं नाही. ऐकू आलं. त्यानं माझं मनगट घट्ट धरलं.

मग ती पाटी सावरत, उजवा पाय बाहेर टाकत, पडद्यापाशी आली. एका हातानं पडदा बाजूला केला. आधी खाली बघितलं, कमरेएवढ्या उंचीवर. मग वर.

"एकच गावली," ती राघोच्याच आवाजात म्हणाली. "बरं. चल, जेवाय वाढ."